गप्प राहण्याचे बिट

दिवसभर हेडफोन लावून बसणाऱ्यांकडे किस्से साठतातच. घरी ऐकणारं कुणी नसलं की जरा जास्तच साठतात!

महाळुंग्याच्या ऑफिसात आम्ही कॉलिंग ॲपसाठी आवाज दाबून लहान करतो. माणूस बोलला की जास्त डेटा, गप्प झाला की जवळजवळ शून्य. व्हेरिएबल बिट रेट म्हणतात त्याला. आई गेल्यापासून गावी, मालेला, एकट्यानेच राहणाऱ्या माझ्या वडिलांना, आबांना, हे समजावलं.

"म्हंजी बोलंल त्याला वाढायचं, आन् गप बसंल त्यो उपाशी!"

*

माणूस गप्प झाला की लाइन मेल्यासारखी वाटते, म्हणून आम्ही समोरच्याच्या कानात खोटी खरखर भरतो. आमच्या लीडने, निखिलने, एकदा ती बंद केली आणि सांगायचं विसरला. दिवसभर प्रत्येक टेस्ट कॉलवर एकच, "हॅलो? आहेस ना? हॅलो?"

संध्याकाळी आमच्या टीममधली फरझाना म्हणाली, "माझी इतकी चौकशी आजवर कुणी केली नव्हती यार!"

*

एकदा प्रत्येकाने आपल्या घरातला आवाज रेकॉर्ड करून आणायचा होता. कुणाचा मिक्सर, कुणाची पोरं, कुणाच्या सासूबाईंची सिरियल. माझी फाइल लावून निखिल वैतागला.

"करप्ट आहे ही. काहीच रेकॉर्ड झालेलं नाही!"

"झालंय की. नीट ऐक, फ्रिज आहे."

*

टेस्टिंगसाठी ॲप आबांच्या फोनवरही टाकलं. रोज संध्याकाळी ते फोन चुलीजवळ ठेवून भाकरी थापतात, इकडे मी माझ्या ओट्याशी. बोलत कुणीच नाही, पण फोन चालू असला की मला घरात कुणीतरी असल्यासारखं वाटतं.

निखिलला ते कॉल दिसले. "लोक फोन बंद करायला विसरतात!" म्हणाला, आणि बराच वेळ कुणी बोललं नाही तर कॉल आपोआप कट होईल अशी सोय करून टाकली. मी त्याला काय सांगणार होते?

*

त्यानंतर आबांना खोकला लागला. रोज फोनवर, सारखा. विचारलं की म्हणायचे, "काय न्हाई." माझा जीव टांगणीला लागला. शेवटी रजा टाकली, ओढतच त्यांना पौडला डॉक्टरकडे नेलं, एक्स-रे काढला. छाती एकदम स्वच्छ!

एसटी स्टँडवर मी चिडलेच. "मग खोकता कशाला एवढं?"

आबा एसटीच्या वाटेकडे बघत म्हणाले,

"आगं, मला कुटं खोकला हाय? गप बसलो की त्यो फोन कट हुतोय. रोज बोलायला तरी काय असतंय? मंग मधनंमधनं खोकतो!"