मागचा डावा स्पीकर

आमच्या दिग्रसच्या घरी होम थिएटर आलं ते भावाचं. त्याच्या नव्या घरात जागा नव्हती. पुढचे तीन स्पीकर लगेच वाजले. सोफ्यामागे भिंतीवर ठोकलेले दोन मात्र गप्प. रविवारी सकाळपासून आम्ही दोघं नवराबायको त्यांच्या मागे लागलो. वायरींची टोकं सोलून पुन्हा खोचली. शेवटी दुपारी यांना सेटिंगमध्ये सापडलं : मागचे स्पीकर बंद करून ठेवलेले होते. ते चालू करून यांनी चाचणीचा आवाज लावला. एकेका स्पीकरमधून पाळीपाळीने 'सूंऽऽ' येतं.

मी सोफ्यावर डोळे मिटून बसले. पुढचे तिन्ही झाले. मग मागून उजवीकडे. मग पुन्हा उजवीकडेच.

"डावा वाजतच नाही. उजवाच दोनदा वाजतोय," मी म्हटलं.

"अगं, वाजला की आत्ता!"

मला वाटलं, चेष्टा करताहेत. मी हट्ट धरला तेव्हा वैतागून यांनी उजव्या स्पीकरची वायरच उपटली आणि आवाज पुन्हा फिरवला. सूंऽऽ. उजवीकडूनच. मी वळून पाहिलं. स्पीकरला वायर नव्हती, आणि आवाज तिथूनच येत होता.

दिवाणावर सासूबाई तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांना कमी ऐकू येतं, प्रत्येक गोष्ट दोनदा सांगावी लागते. त्या म्हणाल्या, "काहून तिकडं पाहून राह्यली वं? आवाज तं ह्या कोपऱ्यातून येते." बोट डाव्या कोपऱ्याकडे होतं.

मी उठून डाव्या स्पीकरच्या जाळीवर तळवा ठेवला. जाळी थरथरत होती.

मोबाईलवर गाणं लावून मी तो डाव्या कानाशी धरला. काही नाही. उजव्या कानाशी नेला, तर गाणं खणखणीत. आदल्या दिवसापासून कानात दडा बसल्यासारखं वाटत होतं, पण ते सर्दीचं म्हणून मी सोडून दिलं होतं. "मला या कानानं ऐकूच येत नाही," एवढंच मी बोलले. यांनी हातातली वायर खाली टाकली.

सोमवारी पहिल्या बसने यवतमाळ. वाटभर मी यांना डावीकडे बसूच दिलं नाही. डॉक्टरांनी कानात पाहिलं तेव्हा मी मनात म्हणत होते, मळ असू दे, नुसता मळ असू दे. मळ नव्हता. बंद खोलीत हेडफोन लावून तपासणी झाली. कागदावर डाव्या कानाची रेघ खाली गेलेली.

"नस अचानक दुबळी झालीय," ते म्हणाले. "कारण बऱ्याचदा कळत नाही. लवकर आलात हे बरं. गोळ्या आजच सुरू करा."

"परत येईल ना ऐकू?"

"पाहू," ते म्हणाले. त्या एका शब्दावर मी पंधरा दिवस काढले.

बरंचसं आलं. आधी भांड्यांचा आवाज, मग माणसांची बोलणी. बारीक आवाज अजून निसटतात. पण सकाळी जाग आली की मी लगेच हलत नाही. डाव्या कानाजवळ दोन बोटं एकमेकांवर घासते, आणि ती खसखस ऐकू येईपर्यंत श्वास धरून ठेवते.