काट मारलेली ओळ

माझा जुना मित्र सुधाकर गेल्याचा फोन धुळ्याला आला आणि माझ्या मनात पहिला विचार आला, आता त्याचा कॉम्प्युटर कोण उघडणार? लाज वाटते लिहायला, पण खरं आहे. मी जात्याच संशयी. दुधात पाणी नसलं तरी मला दिसतं. आणि सुधाकरवर तर सहा वर्षांचा राग होता…

पिंप्राळ्यात त्याचं छोटं रेकॉर्डिंगचं दुकान. आईची अहिराणी लग्नगाणी आम्ही तिथेच उतरवली. साफ केलेल्या फाइलचं नाव ‘आई’. खोकल्या-ठसक्यांसकट असलेली ती ‘आई कच्चे’. त्याच्याकडे लिनक्स, काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करायचे. आई गेल्यावर एकदा तो दुकानाची किल्ली माझ्याकडे देऊन मुक्ताईनगरला गेला असताना, उगाच जागा अडते म्हणून, कच्ची फाइल पुसायला मीच बसलो. पुसायचा हुकूम rm, म्हणून rm आई कच्चे असं लिहिलं. ‘कच्चे’ सापडत नाही, असं उत्तर आलं. त्याला फोन लावला. “भो, नावात मोकळी जागा शे, अवतरणात टाक. पन पहिले ls करीसन फाइलींनी यादी देख, मंग पुसजो.” देखतो कोण! अवतरणात टाकलं, पुसलं, घरी आलो.

दुसऱ्या दिवशी पाहतो तर ‘आई’ही नाही! दुकान त्याचं, किल्ली त्याची… दुसरं कोण असणार? “तूच काहीतरी केलंस,” मी ओरडलो. त्याने मशीनमधले जुने हुकूम वरखाली करून पाहिले. मग म्हणाला, “मना हाते झायं व्हयी, भो.” इतकी सहज कबुली? म्हटलं, नक्कीच कुठेतरी पाणी मुरतंय. पुन्हा त्याच्या दुकानाची पायरी चढलो नाही.

तेराव्यानंतर वहिनी म्हणाल्या, “भाऊ, दुकान आवरायचं आहे, येता का?” गेलो, तेही अर्धं त्या मशीनसाठीच. पडद्याच्या कडेला एक पिवळा पडलेला कागद चिकटवलेला, सुधाकरचं अक्षर. वर rm आई कच्चे, त्यावर काट. खाली rm "आई कच्चे". शेजारी बारीक लिहिलेलं : अवतरण नसलं तर मशीनला दोन फाइली वाटतात. ‘आई’ पुसली जाते, ‘कच्चे’ सापडत नाही.

म्हणजे पहिल्याच फटक्यात मीच आईचा आवाज पुसला होता, आणि त्याला ते त्याच दिवशी कळलं होतं.

“शिकायला येणारे सगळे विचारायचे, ही चूक कोणाची?” वहिनी म्हणाल्या. “हे दर वेळी सांगायचे, माझी.”

त्यांनी कागद काढायला हात पुढे केला. “राहू द्या, वहिनी,” मी म्हणालो. खिशातलं पेन काढलं आणि काट मारलेल्या ओळीपुढे माझं नाव लिहिलं.