खाटेवरचं इरकली लुगडं

माझ्यावर सगळ्यात मोठे उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मला विचार करावा लागत नाही. माझी थोरली बहीण, आमची अक्का. तिचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हा आई गेली. मी चौथीत होतो. वडील मेंढरं घेऊन महिनोन्‌महिने बाहेर असत. अक्का मला तिच्या सासरी घेऊन गेली. मंगळवेढ्याजवळच्या त्या घरात अजून तिचाच जम बसायचा होता, त्यात तिनं भाऊ आणून ठेवला. सासू काय बोलली असेल ते तिनं मला कधी कळू दिलं नाही. दाजी तिच्या बाजूचे होते, एवढं मात्र मला दिसायचं. त्या घरातून मी शाळेत गेलो, बारावी झालो आणि पुढे कॉलेजला सोलापूरला आलो. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. पदवीच्या कागदावर माझं नाव आहे. तिचं नाव लिहायला तिथं जागा नसते.

मी कॉलेजला निघालो तेव्हा पांघरूण म्हणून अक्कानं ट्रंकेतून तिचं लग्नातलं इरकली लुगडं काढलं. गडद हिरवं, बारीक चौकड्यांचं, मरून काठांचं, आणि लाल रेशमी पदरावर पांढऱ्या फण्या विणलेल्या. ते तिनं चौपदरी घडी करून कडेनं धावदोरा घातला आणि माझ्या हातात दिलं. लाल बाजू डोक्याकडं घेत जा, एवढं सांगितलं. वसतिगृहात सगळ्यांची पांघरुणं एका ढिगात पडायची. कोणाचं पायाकडचं टोक कोणाच्या तोंडावर यायचं. अक्का स्वच्छतेसाठी सांगतेय असं मी धरून चाललो आणि तीन वर्षं ते पाळलंही. नंतर नोकरी लागली, लग्न झालं, शहरातल्याच जुळे सोलापूर भागात फ्लॅट घेतला, आणि ते लुगडं कपाटाच्या वरच्या कप्प्यात गेलं.

गेल्या हिवाळ्यात अक्काच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला. डाव्या डोळ्यालाही कमीच दिसायचं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की आता थांबू नका, उशीर केला तर नजर जाईल. शस्त्रक्रिया सोलापुरात करायची आणि नंतर थेंब घालायला महिनाभर आमच्याकडे राहायचं, असं मी ठरवलं. अक्काचं म्हणणं वेगळं होतं. ज्वारी निघू दे, मग बघू. खरी अडचण ज्वारीची नव्हती. दिवाळीला चार दिवस यावं, साडीचोळी घ्यावी आणि आपल्या घरी जावं, भावाच्या घरी बहिणीचं राहणं तेवढंच, असं तिचं गणित. महिनाभर राहायचं म्हणजे तिच्या दृष्टीनं भावजयीच्या डोक्यावर बसणं.

तेव्हा मला वाटलं की एक खोली तिची म्हणून करावी. पाहुण्यांसाठी नाही, तिच्यासाठी. ती आत आली की तिला आपल्या माणसात आल्यासारखं वाटावं. बायकोनं कपाटातून ते लुगडं काढलं. घडीच्या रेषांवर ते विरलं होतं, पण पदर आणि काठ अजून शाबूत होते. आम्ही ते आमच्या भागातल्या एका म्हाताऱ्या शिंप्याकडे नेलं. त्यानं अक्काचा धावदोरा उसवला, विरलेल्या पट्ट्या काढल्या, चांगला भाग वर घेतला, आत जुनी सुती धोतरं घातली आणि मशीनवर लांब लांब टिपा मारायचं ठरवलं. एकेरी खाटेच्या मापाचं जाड पांघरूण होणार होतं. माप घेता घेता त्यानं विचारलं, "लाल पट्टा किदर कू लेना साब? सिर के तरफ, या पाँव के?"

त्याआधी ऑफिसच्या प्रशिक्षणासाठी मी पुण्याला गेलो होतो. तिथल्या हॉटेलात पांढऱ्याशुभ्र गादीवर पायाच्या बाजूला एक मरून पट्टी आडवी टाकलेली असायची. ती कशासाठी असते ते मला आजही माहीत नाही, पण मनात भरली होती. मी म्हणालो, "पाँव के तरफ. उशीखाली झाकला गेला तर दिसणार कसा?"

शिंप्यानं मान हलवली. काम त्यानं फार सुंदर केलं. खाटेवर घातलं तेव्हा दारातून आधी तो लाल पदरच दिसायचा.

अक्का आली. शस्त्रक्रियेला दहा-बारा दिवस होते, त्याआधी रक्त वगैरे तपासायचं होतं. खोलीत शिरल्यावर तिनं डोळे बारीक केले, खाटेजवळ गेली आणि हातानं चाचपून पाहिलं. फण्यांवरून बोट फिरवलं. लुगडं ओळखलं का, असं मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "न वळखायला काय झालं? माझंच हाय की." मग माझ्याकडे बघून हसली. मी फार खूश झालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन गेलो तर अक्का जमिनीवर सतरंजी टाकून झोपली होती. खाट जशीच्या तशी. तिला खाटेवर झोप येत नाही, म्हणाली. मला वाटलं गादी मऊ पडली असेल. मी फोमची गादी काढून कापसाची घातली आणि वर पुन्हा तेच पांघरूण नीट ताणून घातलं. तिसऱ्या सकाळीही सतरंजीच. मग मी पंख्याचा वेग कमी केला, खाट खिडकीपासून लांब सरकवली. दुपारी खाटेच्या कडेवर टेकायची, तेही उशाच्या बाजूला, अंग चोरून.

चौथ्या दिवशी तिनं पिशवी भरली. बायकोबरोबर भाकरी थापून झाल्यावर बाहेर येऊन म्हणाली की मला एसटीत बसवून दे. मी तारखेची आठवण दिली, डॉक्टर काय म्हणाले ते पुन्हा सांगितलं. "ज्वारी निघू दे रं," ती म्हणाली, "डोळा कुटं पळून जातोय?" मी ओरडलो नाही, पण वाद घातला. तिनं पिशवी हातातून सोडली नाही. शेवटी तिला मंगळवेढ्याच्या गाडीत बसवलं. पायरी चढताना तिनं आधी पायानं चाचपलं, मग वर पाऊल टाकलं.

घरी आलो तर बायको स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. सांगू नको म्हणाल्यात, पण सांगते, अशी तिनं सुरुवात केली. सकाळी भाकरी थापताना तिनं अक्काला सरळ विचारलं होतं की आमचं काय चुकलं. अक्का आधी काही नाही, काही नाही म्हणत राहिली आणि मग बोलली. बायकोनं तिचे शब्द जसेच्या तसे सांगितले.

"आयनं ह्याच पदरात माझी वटी भरली बघ. सासरी निघताना. पुन्हा काय तिची माझी भेट झाली न्हाय. त्याच्यावर पाय लांब करून मी कशी झोपू? आन् उचलून ठिवलं तर त्याला वाटंल, अक्काला आवडलं न्हाय. एवढ्या हौसंनं केलंय पोरानं. तू बी सांगू नगंस."

मी खुर्चीवर बसलो. लाल बाजू डोक्याकडं घेत जा, हे तिनं कशासाठी सांगितलं होतं ते मला इतक्या वर्षांनी कळत होतं. शेवटी मी विचारलं, तिनं मला का नाही सांगितलं?

"तुम्ही तिला विचारलंत कुठं?" बायको म्हणाली. "तुम्ही गाद्या बदलत होतात." मग तिनं आणखी एक टोला दिला, "आता पुण्याच्या हॉटेलवाल्यांना विचारा, ओटी कुठल्या बाजूला भरतात."

तिला हसू आलं आणि मलाही आलं. ओटीच्या वेळी मी तिथंच होतो, मांडवातच. मला त्यातलं काहीही आठवत नाही. आईच्या हाताचं जे काही अक्काजवळ उरलं होतं ते तिनं मला पांघरायला दिलं होतं, आणि मी ते जुनं कापड म्हणून जपलं होतं. जपलं होतं हे खरं, पण कशासाठी जपायचं ते मला माहीत नव्हतं.

फोनवर अक्काशी बोलणं होत नाही. ती फोन कानापासून लांब धरते, सगळं बरं हाय म्हणते आणि दाजींकडे देते. म्हणून मी पत्र लिहिलं. दाजी तिला वाचून दाखवतील हे माहीत होतं. पत्र मिळाल्यावर ती परत आली, ठरलेल्या तारखेच्या आदल्या दिवशी, दाजींना घेऊन. डोळ्याचं काम नीट झालं. पत्राची मूळ प्रत तिच्याकडे आहे. माझ्याकडे कच्चा कागद राहिला, तोच इथं उतरवतो.

अक्का,

तुला आणि दाजींना नमस्कार. दाजी, हे तिला मोठ्यानं वाचून दाखवा, मधलं काही गाळू नका.

तू सांगू नको म्हणालीस तरी मला कळलं. जिनं सांगितलं तिला रागावू नकोस. मी तुझं लुगडं चुकीच्या बाजूनं घातलं होतं. आता पदर उशाकडे घेतला आहे. त्यावर आमच्यापैकी कोणी बसत नाही. शिंप्याकडे पुन्हा न्यायची गरज पडली नाही, नुसतं फिरवायचं होतं.

आईनं ओटी भरली तेव्हा काय काय झालं, ते मला सांगशील का? मी तिथं असून मला आठवत नाही. तुझ्याशिवाय सांगणारं आता कोणी नाही. वडिलांना विचारलं तर ते मांडवाच्या जेवणाचंच सांगतात.

डॉक्टरांची तारीख मी मोडलेली नाही. तुझ्या दारातल्या शेळ्यांचं दाजी बघतील, आणि ज्वारी तुझ्यावाचून निघेल. तू इथं चार दिवस राहा की महिनाभर, त्या खोलीत दुसरं कोणी झोपणार नाही. तुझ्या घरी मी आठ वर्षं राहिलो, तेव्हा तू दिवस मोजले नाहीस.

एक अडचण आहे. उशी पदराच्या वर ठेवायची की पदर उशीवर घ्यायचा, ते आम्हा दोघांना ठरवता येईना. म्हणून उशी कपाटात ठेवली आहे. ती कुठं ठेवायची ते तू आल्यावर सांग.

तुझा भाऊ