सात चिंचोके

हे सांगणं मी बरीच वर्षं टाळलं. बायकोला सांगितलं नाही, मुलांना सांगितलं नाही. नगरपालिकेतून निवृत्त झालो तेव्हा निरोपाच्या भाषणांत माझ्या सचोटीचं कौतुक झालं, तेव्हाही मान खाली घालून हार घेतला. आता त्या माणसाला ओळखणारे फारसे उरलेले नाहीत, म्हणून लिहितो.

माणसं मोजताना ते कधी कुणाकडे बोट करत नसत. हात धोतराच्या सोग्याखाली, मूठ मिटलेली. माणूस पुढून गेला की मुठीतला एक चिंचोका पिशवीत पडायचा. विचारलं तर म्हणायचे, "बोटानं मोजल्यालं मानूस झिजतं, भाऊसाहेब. बी टाकावं."

आम्ही सगळे त्यांना आबा म्हणायचो. राहायला मळवलीच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका वाडीत. दहा-बारा घरं, खाली भाताची खाचरं. अक्षरओळख नव्हती, पण आसपासच्या गावांत मोजायला त्यांनाच बोलावत. खळ्यावर धान्य मापताना पहिल्या मापाला ते एक म्हणत नसत, जुन्या रीतीप्रमाणे 'लाभ' म्हणत. लाभ, दोन, तीन. त्यांचं माप झालं की मालक आणि कूळ दोघंही पुन्हा मोजायला लावत नसत.

लग्नात पंगतीचा अंदाजही तेच द्यायचे. एकदा आचाऱ्याला म्हणाले, "दोन पानं जास्त मांड." आचारी वैतागला, "आबा, मांडवात तर आनखी कुणी दिसंना." आबा शांतपणे म्हणाले, "थोरला जावई रुसून गोठ्यात बसलाय. आन त्येची समजूत घालाय धाकला गेलाय. दोगंबी जेवायला येत्याल." दोघंही आले. तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेल, ज्याला समोर नसलेलेसुद्धा हिशेबात धरता येतात.

पानशेतचं धरण फुटल्याला दोन-तीन वर्षं झाली असतील. आमचं गाव लोणावळ्याच्या अलीकडचं. नाव मुद्दाम लिहीत नाही. रुळांनी गाव मधोमध चिरलेलं. एका बाजूला वस्ती, दुसऱ्या बाजूला बाजार, शाळा, दवाखाना. मधे फाटक. गाडी यायची असली की बैलगाड्या अर्धा-अर्धा तास खोळंबायच्या. पायी जाणाऱ्यांसाठी बाजूला लोखंडी फिरकी होती, एका वेळी एकच माणूस जाईल अशी. घाई असलेली माणसं तिच्यातून रुळांवर उतरायची.

त्या वर्षी दिल्लीहून एक योजना आली. रेल्वेनं दुभंगलेल्या गावांनी आपली निकड आकड्यांत मांडून पाठवायची. ज्यांची निकड मोठी त्यांना पूल मिळणार. पूल थोडे, गावं भरपूर. अर्ज तयार करायचं काम माझ्याकडे आलं. मी तिशीच्या आतला, अक्षर देखणं, आणि आपल्याला सगळं कळतं अशी खात्री. सात दिवस, उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत, फाटकावरून कोण गेलं आणि कोण आलं याची मोजणी हवी होती. मीच आबांचं नाव सुचवलं.

ते दिवस भाद्रपदाचे, धुक्याचे. आमच्याकडचं धुकं पाहुण्यांना आवडतं, पण त्यात राहणाऱ्याला दहा पावलांवरची म्हैसही आधी ऐकू येते आणि मग दिसते. आबा फाटकाजवळच्या दगडावर पावसाचं इरलं पांघरून बसायचे. माणसाला चिंचोका, बैलगाडीला वाल, मोटारीला गारगोटी. जाणाऱ्यांची पिशवी डाव्या हाताला, येणाऱ्यांची उजव्या. बाजाराला जाणाऱ्या बाया चेष्टा करायच्या, "आबा, मला दोनदा टाका, मी लय जाड हाय." आबा म्हणायचे, "तू येताना डोक्यावर काय आनतीस बगू, मग ठरवू."

संध्याकाळी मी जाऊन पिशव्या ओतायचो, मोजायचो, तक्त्यात लिहायचो. पहिल्याच दिवशी त्यांनी धोतराच्या टोकाची एक गाठ सोडली. आत एक चिंचोका.

"ह्यो कुटं लिवता?"

"हा कोणत्या पिशवीतला?"

"कंच्याच न्हाई. ह्यो येतो. गेल्याला न्हाई."

मी म्हटलं, सकाळी तुम्ही बसायच्या आधी गेला असेल. आबांनी मान हलवली. "त्यो जातच न्हाई, भाऊसाहेब. निस्ता येतो. गाडी गेली की रुळावनं वर येतो, फिरकीतनं ह्या अंगाला. डोकं खाली. पायात एकच वहाण."

मी लेखणी खाली ठेवली, कारण तशी एका पायातली वहाण मी पाहिली होती. आदल्या वर्षी फाटकात एक माणूस गाडीखाली सापडला होता. कोण, कुठला, कळलं नाही. तीन दिवस वाट पाहून बेवारस म्हणून त्याचं उरकलं. वहाण कितीतरी दिवस रुळांशेजारच्या गवतात पडून होती. पण आबा तेव्हा वाडीत तापानं पडलेले होते. त्यांना ती ठाऊक असायचं कारण नव्हतं. निदान मला तसं वाटत होतं.

"त्येला तुमी कुटंबी लिवला न्हाई," आबा म्हणाले. "मोजल्यालं मानूस जागच्या जागी ऱ्हातं. न मोजल्यालं हिंडतं."

रोज एक गाठ सुटायची. रोज एक चिंचोका. मी तो खिशात टाकायचो आणि विषय बदलायचो.

सहाव्या दिवशी मी मुद्दाम लवकर गेलो आणि त्यांच्याशेजारी बसलो. दिवस मावळायचा होता, पण धुक्यामुळे उजेड राखेसारखा. गाडी धडधडत गेली. फाटक अजून बंद होतं. पलीकडे बैल घुंगरं हलवत होता, त्याशिवाय आवाज नाही. मग खडीवर पावलं वाजली. एक पाऊल कोरडं वाजायचं, दुसरं ओलं. रुळांवर मला कुणी दिसलं नाही. फिरकी मात्र फिरली. पाव फेरा, अगदी एका माणसाइतकी, आणि थांबली. वारा नव्हता. शेजारी आबांची मूठ उघडली आणि बी गाठीत गेलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. रोजच्या माणसाला वाट द्यावी तसे पाय जरा आत ओढून घेतले.

मी मनाशी म्हणालो, फिरकी सैल झाली असेल.

आठव्या दिवशी तक्ता पुरा करायला बसलो. जाणारे आणि येणारे यांचे आकडे जुळत नव्हते. कसे जुळतील? कुणी गाडीनं पुण्याला गेलं, कुणी खंडाळ्याला बहिणीकडे राहिलं, कुणी वरच्या वाटेनं घरी आलं. आज कुणीही हे सांगेल. पण मी कचेरीतला माणूस. दोन बाजू जुळल्या नाहीत की चूक आहे, एवढंच मला शिकवलेलं. दिल्लीचे लोक हसतील या भीतीनं मी सातही दिवसांचे आकडे सारखे केले. जितके गेले तितके आले. मग शेवटचा रकाना आला: फाटकात दगावलेल्यांची संख्या. बेवारस माणसाची नोंद आपल्या दप्तरी नाही, लिहिलं तर कागद मागतील, म्हणून मी वळणदार अक्षरात लिहिलं, 'निरंक'. टेबलावर सात चिंचोके होते. खिडकीतून फेकून दिले.

दोन महिन्यांनी तपासणीला एक अधिकारी आले. नगरपालिकेच्या सभागृहात सगळे जमले. आबांनाही बोलावलं होतं. ते धुतलेलं मुंडासं बांधून दाराशी उभे होते. अधिकाऱ्यांनी तक्ता उघडला, चष्मा पुसला आणि विचारलं, "सात दिवस जितके गेले तितकेच परत आले? तुमच्या गावात कुणी कधी मुक्काम करत नाही का?"

त्यांनी पान उलटलं.

"आणि अपघात निरंक. मग पूल कशाला हवाय? ही मोजणी केली कुणी?"

तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं, असं मी आजवर अनेकांना मनातल्या मनात विचारलंय. मी काय केलं ते लिहितो. मी दाराकडे हात केला. बोट केलं.

"यांनी, साहेब. अडाणी आहेत. बियांनी मोजतात." कुणीतरी हसलं, आणि त्या हसण्यानं मला धीर आला. "रोज एक भूतसुद्धा मोजत होते. विचारा त्यांना."

सभागृह हसलं. अधिकारीही हसले. आबांनी मुंडाशाला हात लावला, माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. म्हणाले, "व्हय. मी अडानीच हाय."

पूल दुसऱ्या गावाला गेला. आमच्या अर्जावर शेरा आला, माहिती अविश्वसनीय. ती बातमी बाजारात पसरायला एक दिवस लागला, आणि पूल हुकल्याचं कारण म्हणून आबांचं नाव पसरायला तेवढाही नाही. 'भुतं मोजणारा' म्हणून पोरं हाका मारू लागली. त्या सुगीला खळ्यावर त्यांना कुणी बोलावलं नाही. पुढच्या लग्नसराईत आचाऱ्यांनी पंगती स्वतःच मोजल्या. फाटकात पुढे आणखी दोघं गाडीखाली गेले; त्यांची नोंद मी केली, व्यवस्थित.

सात-आठ वर्षांनी, दुष्काळाच्या आधीच्या हिवाळ्यात, मी वाडीवर गेलो. बोलायचं वाक्य चढ चढताना पाठ केलं होतं. आबा ओटीवर बसले होते, खूप वाळलेले. सुनेनं काळा चहा दिला. तीन पितळ्या आणल्या. एक मला, एक आबांना, एक ओटीच्या कोपऱ्यात, भिंतीशी ठेवली. तिथं कुणी नव्हतं.

मी तिकडे पाहतोय हे आबांच्या लक्षात आलं. "मी मोजायचं सोडलं ना," ते हलकेच म्हणाले. "तवापास्नं हितं येतो. बसतो उलीसा. तरास न्हाई त्येचा."

कोपऱ्यातल्या चहाची वाफ सरळ वर जात होती, आणि मधेच वाकत होती, कुणी फुंकर घालावी तशी. मी तोंड फिरवलं.

मग आबा पुढे सरकले. "भाऊसाहेब, आल्यासारकं एक सांगा. आमच्या मोजनीत चूक कुटं झाली?"

मी पितळी खाली ठेवली.

"मी लय इचार केला. ते सात दिस मनात पुन्यांदा मोजले. कितीदा मोजले. कोन गेलं, कोन आलं, समदं डोळ्याम्होरं येतं. चूक घावंना. तुमी शिकल्यालं. तेवडं सांगा, म्हंजी मी मोकळा."

वाक्य माझ्या तोंडात होतं. सून दारात उभी होती. कोपऱ्यात ती पितळी होती. मी म्हणालो, "धुकं होतं, आबा. धुक्यात असं होतं."

त्यांनी कोपऱ्याकडे पाहिलं. मग मान हलवली. "धुकं. व्हय. धुकंच आसल." आणि माझे आभार मानल्यासारखे दोन्ही हात जोडले.

तो उन्हाळा त्यांनी पाहिला नाही. मला महिन्याभरानं कळलं, बाजारात, भाजी घेताना. तसाच परतलो आणि कचेरीत जाऊन काम केलं.

वाक्य मोठं नव्हतं. चढावर पाठ केलेलं अजून तसंच आहे: आबा, तुमच्या मोजणीत चूक नव्हती, आकडे मी बदलले, मला माफ करा.