हळदीच्या मांडवातून दिसलेलं रॉकेट

काम संपलेला रॉकेटचा रिकामा टप्पा वातावरणात शिरून जळताना बघायचा, हे माझं वेड. तीनदा आकडेमोड करून गाडी काढली होती आणि तीनदा तो दूर समुद्रावरच कुठंतरी संपला. या खेपेला अंदाज दिवेलागणीनंतरचा, तोही आपल्या डोक्यावरून! "आज नाही दिसलं तर हे खूळ बंद," असं नवऱ्यानं, मंगेशनं, माझ्याकडून कबूल करून घेतलं.

क्रांती चौकातून दुपारीच निघालो. तुम्हीही या वाटेनं गेलात तर दौलताबादची वेस लवकर ओलांडा. त्या अरुंद कमानीत एक बस अडली की सगळं ठप्प. पुढं तिखटमीठ लावलेले पेरू मिळतात, सोडू नका. वेरूळनंतर रस्ता मोकळा. देवगाव रंगारीच्या अलीकडे एका शेताच्या कडेला कॅमेरा लावला. अंधार पडतोय तोच शेजारच्या वस्तीवर भक्कन हॅलोजन पेटले. हळद होती तिथं! आकाश पार पांढरंफटक. मला तर रडूच कोसळलं.

"अगं, विचारून तर बघू," मंगेश म्हणाला. कॅमेरा उचलून मांडवात गेलो. नवरीची आई भली बाई. "लाईट बंद करू की ताई! पन ते माझ्या मांडवावर नाय ना पडायचं?"

"नाही हो काकू, वरच्यावरच जळतं. उरलंसुरलं लांब जातं."

तेवढ्यात पाटावरून पिवळीधमक नवरी, शीतल, ओरडली, "मला बी बघायचंय!"

"हळद लागलेली पोर मांडवाबाहेर जात नाय," आई म्हणाली.

"मग वरून मांडव उघडा की!"

"व्हय, सोडा रे दोऱ्या," तिचे वडील हसत म्हणाले. कापड बाजूला सरकलं, ते ओढून धरायची एक दोरी माझ्या हातात आली; शेजारीच कॅमेरा चालू करून ठेवला. दिवे गेले, गाणी थांबली. वेळ जाईना. "ताई, गाडी लेट हाय का?" कुणीतरी विचारलंच.

"आई, त्ये बघ!" शीतलची किंकाळी. पश्चिमेकडून नारिंगी ठिणगी आली, मागं लांब शेपूट. बघता बघता तिचे तुकडे झाले आणि सगळे एका रांगेत, आवाज न करता, जळत जळत डोक्यावरून पलीकडे गेले. अहाहा! शीतलच्या किंकाळीसरशीच मी दोरी सोडून चक्क नाचायला लागले होते. मंगेश माझ्याहून मोठ्यानं ओरडत होता. जेवल्याशिवाय कुणी सोडलं नाही. निघताना आमचेही गाल पिवळे.

घरी येऊन व्हिडिओ लावला तर किंकाळीपासून पुढं सगळा काळा. मी दोरी सोडली तेव्हा मांडवाचं कापड नेमकं कॅमेऱ्यावर पडलेलं! हसून हसून पुरेवाट झाली. आवाज मात्र स्वच्छ होता आणि वेळही नोंदलेली होती. तीच वेळ असले टप्पे बघणाऱ्या इतर हौशी मंडळींना पाठवली. एकानं विचारलं, चित्र नाही, मग सगळ्यात आधी कुणाला दिसलं?

मी कळवलं, "नवरीला. परवा तिचं लग्न आहे."