बिल्टीवर काच सामान

माझा धाकटा भाऊ धम्मपाल म्हणजे भित्रेपणाचा अर्क. लहानपणी म्हशीला भ्यायचा, मोठा झाल्यावर बँकेतल्या शिपायाला. स्वतःच्या लग्नात घाबरून त्यानं हार नवरीऐवजी भंतेजींच्या गळ्यात घालायला उचलला होता, मी मागून ओरडले म्हणून वाचला. मी त्याची थोरली बहीण, राहीबाई. पलूसला अंगणवाडीत मुलं सांभाळते. नवरा गेल्यापासून धम्माच्याच घरी असते, म्हणजे तिथंही एक मूल सांभाळतेच म्हणा.

पण हाच माणूस साच्यात प्लास्टर ओतायला बसला की बघत राहावं. बुद्धमूर्ती करायचा. शेवटी पापण्या रंगवायला घेतल्या की घरात कुणी शिंकायचंसुद्धा नाही. दुकान नाही, पाटी नाही. कुठल्या कुठल्या गावच्या विहारातून पोस्टकार्ड यायचं. हा मूर्ती करायचा, फळ्यांच्या पेटीत पेंढा ठासून बसवायचा आणि सांगलीहून ट्रान्सपोर्टनं पाठवून द्यायचा.

ट्रान्सपोर्टवाल्यांचा कायदा मोठा मजेशीर. माल पोचला तर भाडं घेणाऱ्यानं द्यायचं. पण घेणाऱ्यानं नको म्हटलं, की जाण्याचं भाडं, येण्याचं भाडं, वर ‘परतीचा जादा आकार’ आणि गोदामात माल पडून राहील त्याचं गोदामभाडं, सगळं पाठवणाऱ्याच्या बोकांडी. गिऱ्हाईकाचं मन फिरलं तर दंड आमाला का? असं मी एकदा सांगलीच्या हापिसात जाऊन विचारलं होतं. तिथला माणूस म्हणाला, “बाई, नियम हाय.” नियम म्हटलं की ह्यांची जबाबदारी संपली!

धम्माची एक खोड होती. बिल्टीवर, म्हणजे मालाच्या पावतीवर, तो कधी ‘मूर्ती’ असं लिहायचा नाही. पेटीवरही नाही. दोन्हीकडं लिहायचा, ‘काच सामान, उभे ठेवा.’

“आरं, मूर्तीला मूर्ती म्हणायला काय धाड भरली तुला?” मी म्हणायचे.

“अक्का, वाटंत कोण कसला भेटंल सांगता येतंय व्हय? बुद्ध हाय म्हणलं की मागनं समदंच कळतं. काचंला जात न्हाई.”

आमच्यातली पुष्कळ माणसं नाव चटकन सांगतात आणि आडनाव सांगताना जरा थांबतात. मीही थांबते. भलेभले थांबतात.

सत्त्याण्णवच्या जुलैत खंडाळा तालुक्यातल्या एका गावाला आषाढी पौर्णिमेसाठी मूर्ती हवी होती. त्या दिवसापासून विहारात वर्षावासाचं, म्हणजे पावसाळ्यातलं, ग्रंथवाचन सुरू होतं, ते नव्या मूर्तीपुढं व्हावं अशी त्यांची हौस. धम्मानं लय जीव लावून मूर्ती केली. पेटी सांगलीहून सुटली, आणि इकडं मुंबईची बातमी आली. बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, गोळीबार झाला, माणसं मेली. आमच्या वस्तीत दोन दिवस चूल धड पेटली नाही. पोरं कोपऱ्याकोपऱ्यावर उभी, डोळे लाल. गावोगावी मोर्चे निघाले, पोलिसांच्या गाड्या फिरायला लागल्या.

मग त्या गावच्या विहाराचे सेक्रेटरी नानासो यांचा शेजारच्या फोनवर निरोप आला. “वातावरण निवळू द्या, मग बघू. आमी पेटी उचलली न्हाई. राग मानू नका.”

राग कसला मानतो हा! फोन ठेवला आणि मटकन खालीच बसला. पेटी परत फिरली होती आणि साताऱ्याच्या गोदामात येऊन अडकली होती. आठवड्यानं ट्रान्सपोर्टचं कार्ड आलं. परतीचा सगळा आकार भरून माल घेऊन जा, नाहीतर शनिवारी बेवारस माल अंगणात फोडून लिलावात काढू.

“फोडून,” धम्मा म्हणाला. “अक्का, भर अंगणात पेटी फोडली आन् मूर्ती फुटल्याली निघाली तर? आत्ता, असल्या दिवसांत?”

पुढचं त्यानं बोलून दाखवलं नाही, पण ते मलाही दिसत होतं. कुणीतरी बघणार. कुणीतरी पळत जाऊन सांगणार, गोदामात बुद्ध फोडला. सांगणाऱ्याच्या मागून दगड निघणार, दगडांमागून गोळ्या. धम्मा त्या दिवसापासून जेवेना. ताटावर बसायचा आणि भाकरीचे तुकडे करत राहायचा. “माझ्या हातच्या वस्तूवरनं कुणाचा मुडदा पडला तर मी कुठं तोंड दाखवू?” एवढंच घोकायचा.

पैसे कसेबसे जमवले. ते सांगत बसत नाही, सांगण्यासारखं काही नाही त्यात. शुक्रवारी एस.टी.नं आम्ही साताऱ्याला पोचलो. निम्म्या दुकानांची शटरं अर्ध्यावर. स्टँडबाहेर पोलिसांची निळी गाडी. रिक्षावाला म्हणाला, “लवकर काम उरका ताई, दुपारी मोर्चा हाय.” धम्मानं माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले.

गोदामाचा मॅनेजर मानसिंग नावाचा जाड भिंगांचा माणूस होता. पैसे मोजून घेतले, रजिस्टर पुढं ओढलं आणि म्हणाला, “चला, पेटी फोडू.”

“फोडू? कशाला?” धम्माचा आवाज चिरकला.

“परतीचा माल आमच्यासमोर उघडायचा आन् सही करायची. न्हाईतर घरी जाऊन म्हणचाल, आमीच फोडलं. नियम हाय.”

आला का नियम! लिलावाच्या तावडीतून सोडवायला आलो, आणि पेटी फुटणार त्याच अंगणात. धम्मा गयावया करायला लागला. “नगं साहेब, माझी काय बी तक्रार न्हाई, मी तशीच नेतो.” जितका तो नको म्हणेल तितका मानसिंगला संशय. शेवटी म्हणाला, “काच हाय का आनखी काय हाय आत? पोलिसांना बोलवू?”

तेवढ्यात हमालांचा मुकादम, निजाम, दोघांना घेऊन पेटीसह बाहेर आला. दाढी पांढरी झालेला, कमरेला पट्टा बांधलेला माणूस. पेटी टेकवली आणि आत काहीतरी गडगडलं. मी धम्माकडं बघितलं. त्याचा चेहरा पार पांढराफटक.

लांबून घोषणा ऐकू यायला लागल्या. मोर्चा निघाला होता.

“उघडा पटकन,” मानसिंग म्हणाला. निजामनं पहार घातली.

“थांबा!” धम्मा ओरडला. आयुष्यात पहिल्यांदाच मी त्याला ओरडताना ऐकलं. “आत काच न्हाई. बुद्ध हाय. आमचा बुद्ध हाय.”

निजामच्या हातातली पहार तशीच राहिली. मग त्यानंच हळूच, हातानं, फळी काढली. पेंढा बाजूला केला. मूर्तीचं मस्तक मानेपासून तुटून मांडीवर आलं होतं. डोळे तसेच, मिटलेले. मी तोंडात पदर कोंबला.

घोषणा आता नाक्यावर आल्या होत्या.

निजामनं हात जोडले. आम्ही गोदामवाल्यांना भीत भीत आलो होतो आणि तो म्हातारा आम्हाला भीत होता. “भाऊ, अल्लाची शपथ, आमाला म्हाईत नव्हतं,” तो म्हणाला. “पेटी उंच, ताडपत्रीखाली मावंना, म्हणून मीच आडवी केली. वर इंजिनाची खोकी बी मीच ठेवली. आवं, बुद्ध हाय म्हणून लिवलं असतं तर मी डोक्यावर घिऊन उतरवला असता की! का न्हाई लिवलं?”

धम्मा वाकून मूर्तीवरचा पेंढा वेचायला लागला.

“माझी पोर नूरीन एकटीच हाय घरात,” निजाम पुटपुटला. मानसिंग फाटकाकडं धावला, कडी लावायला. पण कडी लावायच्या आधीच मोर्चातली चार-पाच तरणी पोरं आत आली, पाणी प्यायला. हातात निळे झेंडे, कपाळावर निळ्या पट्ट्या.

“काय गर्दी हाय रं हितं?” पुढचा म्हणाला.

मला वाटलं, संपलं. एक शब्द पुरे होता. खरा शब्द, खोटा नव्हे. मूर्ती फुटली होती, फोडणारा समोर होता, आणि त्याचं नाव निजाम होतं.

धम्मा पेटीच्या पुढं जाऊन उभा राहिला. अंगातला सदरा काढून त्यानं मूर्तीवर टाकला होता, केव्हा ते मलाही कळलं नाही. उघडाबंब, बरगड्या दिसतायत, दात वाजतायत.

“जयभीम,” तो म्हणाला. “कुठं काय? माझं सामान हाय. घरी न्यायलोय.”

“जयभीम. आन् एवढं कापायला काय झालं, काका?”

“हिवताप हाय, बाळा. दोन दिस झालं.”

पोरानं त्याला नखशिखांत न्याहाळलं. मग निजामकडं बघितलं. “अंगात कायतरी घाला, काका,” तो म्हणाला. पोरं पाणी प्यायली आणि गेली. झेंडे फाटकाबाहेर दिसेनासे झाले तेव्हा निजाम जमिनीवर बसला आणि डोक्याला हात लावून रडायला लागला.

मानसिंगनं रजिस्टर पुढं केलं. ‘माल कसा मिळाला’ या रकान्यात धम्मानं लिहिलं, ‘सुस्थितीत मिळाला,’ आणि खाली सही केली. ह्यावेळी आडनावासकट.

भाड्याच्या टेम्पोत मागं आम्ही दोघं पेटीच्या दोन बाजूंना बसलो. कराड येईपर्यंत मी कशीबशी तोंड दाबून होते. मग माझा तोल गेला. “आरं येड्या, जायचं भाडं दिलंस, यायचं दिलंस, दंड दिलास. मूर्ती फुटकी, आणि वर लिहून देतोस सुस्थितीत? नुकसानभरपाई तरी मागायचीस!”

“भरपाई मागितली की कुणी फोडली ते लिवावं लागतंय, अक्का.”

“मग लिहायचं!”

धम्मानं तुटलेलं मस्तक पेंढ्यातून काढून मांडीवर घेतलं होतं. खड्ड्यात टेम्पो आदळला की दोन्ही हातांनी सावरायचा.

“मूर्ती मी परत वतीन,” तो म्हणाला. “साचा हाय माझ्याकडं. त्या म्हाताऱ्याचा साचा कुणाकडं हाय?”