पांढऱ्या साडीचा गाऊन

"आडनाव?" सिस्टरने विचारलं.

मी सांगितलं.

"अच्छा." हातातला हिरवा गाऊन तिने परत कपाटात ठेवला. "सरकारी योजनेतला पेशंट ना? गाऊन शिल्लक नाहीत. बाहेर थांबा, मावशी."

थांबले. अमरावतीच्या त्या दवाखान्यात, काचेच्या दाराबाहेर, पिवळ्या पट्टीच्या अलीकडे. आत माझी नात होती. दिवस भरायच्या खूप आधी जन्मलेली. तिची आई, माझी प्रज्ञा, वरच्या मजल्यावर तापाने फणफणलेली. टाके पिकलेले. जावई रजा संपली म्हणून पुण्याला परत गेलेला. माझा नवरा आता नाही. धावपळ करायला मी एकटी.

मोठ्या डॉक्टर मॅडम सकाळीच सगळ्या नातेवाइकांसमोर बोलून गेल्या होत्या. "या बाळांना माणसाच्या अंगाची ऊब लागते. उघड्या छातीशी धरायचं, जमेल तितका वेळ. आईला उठवत नसेल तर आजी चालेल." म्हणून मी नखं कापली, बांगड्या काढल्या, कोपरापर्यंत हात धुतले आणि दाराशी गेले. पुढे आडनाव आलं.

मी एसटीत कंडक्टर आहे. अकोला-अमरावती. दिवसभर लोकांना 'पुढे सरका' सांगते. मी बेल दिल्याशिवाय गाडी हलत नाही. आणि इथे एका पट्टीपुढे मला पाऊल टाकता येईना.

काचेतून एक मऊ खुर्ची दिसत होती. तिच्यात दर्यापूरकडच्या मोठ्या शेतीवाल्या घरातली एक बाई नातवाला छातीशी घेऊन रेलून बसली होती. अंगात हिरवा गाऊन. जेवायला, चहाला बाहेर आली, परत आत गेली. दर वेळी नवा गाऊन. तिच्याशी माझं भांडण नाही. ती करत होती ते बरोबरच होतं. तिला आडनाव विचारायची गरज नव्हती, सिस्टरला ते पाठ होतं.

ते 'अच्छा' माझ्या ओळखीचं आहे. नोकरी लागली तेव्हा डेपोत ऐकलं. अकोल्यात भाड्याची खोली बघताना ऐकलं. बोलणाऱ्याचं हसू तसंच राहतं. फक्त दार लागतं.

बाहेरच्या फरशीवर माझ्याशिवाय धारणीकडची एक कोरकू आदिवासी पोरगी बसून होती. ब्लाउज दुधाने ओला. तिचंही बाळ आत. तिला तर आडनावसुद्धा विचारलं नव्हतं. नुसता हात हलवून बाहेर काढलं होतं. मला बघून तिने चटई थोडी सरकवली. त्या इमारतीत मला जागा करून देणारं तेवढंच एक माणूस.

वर गेले तर प्रज्ञा वाटच बघत होती.

"माय, घेतलं का तिले?"

"काचेतून पाह्यली."

"कावून?"

"गाऊन नाही म्हनते."

"मंग तिले कोन घेऊन राह्यलं?"

मी पाण्याचा ग्लास भरला. कोणीच घेत नव्हतं. हे पोरीला कसं सांगणार?

शेजारच्या खाटेवरच्या बाईला प्रज्ञाकडे बघायला सांगितलं आणि अकोल्याची गाडी धरली. जुन्या शहरात आमचं दोन खोल्यांचं घर आहे. पेटीतून पांढरी सुती साडी काढली, बारीक निळ्या काठाची. पौर्णिमेला विहारात नेसते ती. गाऊन नाही म्हणता ना, ठीक आहे. कापली. घरच्या मशीनवर गाऊन शिवला, लांब बाह्यांचा, पुढे बांधायच्या नाड्यांचा. पातेल्यात उकळला, वाळवला, इस्त्री केली, धुतलेल्या पिशवीत बांधला. रडले नाही. वेळ नव्हता.

दुसऱ्या दिवशी पिशवी सिस्टरपुढे धरली.

"हे काय?"

"गाऊन. उकळून आणला."

तिने दोन बोटांनी उचलला. खालच्या शिवणीत निळा काठ राहिला होता. तिला बरोबर दिसला.

"मावशी, हा दवाखाना आहे. विहार नाही."

मागे कोणीतरी हसलं.

मला वाटलं होतं मी ओरडेन. आवाज चढलाच नाही.

"विहारात आडनाव विचारत नाहीत, सिस्टर."

आणि पट्टी ओलांडली. चपला काढायची जागा असते, तिथल्या दारात उभी राहिले, एक पाय आत, एक बाहेर. बाळांच्या खोलीचं दार पुढे बंदच होतं, तेवढी अक्कल मला आहे. पण ज्याला आत जायचं त्याला आता माझ्यासमोरून जावं लागणार होतं.

मॅडम आल्या. "काय चाललंय?"

"आजी चालेल म्हणाला होतात. मी आजी. हात धुतले. गाऊन आणला. आता माझ्यात काय कमी आहे ते या सगळ्यांसमोर सांगा."

मॅडम सिस्टरकडे वळल्या. मग म्हणाल्या, "यांना गाऊन द्या."

सिस्टरने कपाट उघडलं. हिरव्या गाऊनची थप्पी वरच्या फळीला टेकली होती.

मी घेतला नाही. माझा होता.

"बरं, आज जाऊ द्या यांना," मॅडम म्हणाल्या.

"आज नाही, मॅडम. रोज."

नात माझ्या तिकिटाच्या मशीनपेक्षा जरा जड. छातीवर ठेवली तेव्हा तिचे पाय गार होते. ती जगेल की नाही, कोणी सांगत नव्हतं. मी विचारलंही नाही. त्या मऊ खुर्चीत बसून होते. दर्यापूरकडची बाई जेवायला बाहेर गेली होती. माफी कोणी मागितली नाही. मला ती नकोही होती.

बाहेर आले तेव्हा धारणीची पोरगी उठून उभी होती. गाऊनची बाही तिने हातात धरून बघितली.

"बाई, ये कपडा मेरे को भी मिलेगा?"

साडीत अजून कापड आहे. आज संध्याकाळी दुसरा गाऊन शिवते. उद्या पट्टीपलीकडे आधी तिचं पाऊल पडेल, मग माझं. आणि तिला अडवलं, तर मी त्या दारातून हलणार नाही.